धर्मग्रंथातला दावा तपासायचा कसा?

“आमचा ग्रंथ खरा आहे” आणि “सगळे ग्रंथ थोतांड आहेत” ही दोन्ही वाक्यं मी असंख्य वेळा ऐकली आहेत, आणि दोन्ही तपासता येत नाहीत. ग्रंथ म्हणजे एक विधान नसतं. त्यात वंशावळी असतात, लढाया असतात, आज्ञा असतात, स्तुती असते, विश्व कसं झालं याची कथा असते, मेल्यानंतर काय होतं याचं वर्णन असतं. या सगळ्यावर मिळून एकच शिक्का मारायला गेलं की भांडण सुरू होतं आणि तपासणी राहून जाते.

माझं म्हणणं असं आहे की धर्मातल्या पुष्कळ दाव्यांचा वस्तुनिष्ठ निवाडा करता येतो. त्यासाठी दावा सुटा करून घ्यावा लागतो आणि ज्या जातीचा दावा असेल त्या जातीची कसोटी लावावी लागते. काही दावे तरीही शिल्लक राहतात. त्यांचं काय करायचं तेही सांगतो. श्रद्धावान मित्रांबरोबर आणि श्रद्धा नसलेल्यांबरोबर बसून मी ही पद्धत वापरत आलो आहे. लागतं ते इतकंच: एक वही, आणि न आवडणारं उत्तर त्या वहीत लिहायची तयारी.

आधी वाक्य फोडा

समजा कोणी म्हणालं, “आमच्या ग्रंथातलं भविष्य खरं ठरलं, म्हणून तो ईश्वरी आहे.” हे एक वाक्य दिसतं, पण वहीत उतरवायला घेतलं की त्यातून निदान सहा दावे निघतात. हा मजकूर मुळापासून ग्रंथात होता. तो घटनेच्या आधी लिहिला गेला. त्याचा अर्थ तुम्ही सांगता तोच आहे. घटना खरोखर तशी घडली. ती अंदाजाने सांगता येण्यासारखी नव्हती. आणि हे सगळं खरं धरलं तरी त्यामागे ईश्वरच असला पाहिजे, दुसरं कारण संभवत नाही.

यातला प्रत्येक दावा स्वतंत्रपणे टिकतो किंवा पडतो. पहिला मजकुराचा प्रश्न आहे, दुसरा आणि चौथा इतिहासाचा, तिसरा अर्थाचा, पाचवा संभाव्यतेचा आणि सहावा तत्त्वज्ञानाचा. एवढी फोड केल्यावरच अर्धा वाद निवतो, कारण दोघं वेगवेगळ्या ओळींवर भांडत होते हे दोघांनाही दिसतं.

माप आधी ठरवा

पूर्णपणे तटस्थ माणूस कुठेच मिळत नाही. मीही तसा नाही. तटस्थता आणायची ती पद्धतीत. त्यासाठी दोन नियम मी कधीच मोडत नाही.

पहिला नियम: ग्रंथाचं, देवाचं, संस्थापकाचं नाव खोडून तिथे ‘अ’ लिहायचं आणि मग दावा वाचायचा. परक्या धर्मातला चमत्कार ऐकल्यावर आपल्याला लगेच सुचतं की साक्षीदार कोण होते, किती वर्षांनी लिहिलं, सांगणाऱ्याचा फायदा काय होता. हे सगळे प्रश्न रास्त आहेत. तेच आपल्या घरच्या ग्रंथालाही विचारायचे. उलट आपल्या ग्रंथातल्या विसंगतीसाठी जी सवलत आपण मागतो, तीच दुसऱ्यालाही द्यायची.

दुसरा नियम: पुरावा बघण्याआधी लिहून ठेवायचं की काय सापडलं तर दावा टिकला म्हणू आणि काय सापडलं तर पडला म्हणू. हे आधी लिहिलं नाही तर निकालानंतर माप बदलण्याचा मोह कोणालाच आवरत नाही.

पुरावा द्यायचा कोणी, हा प्रश्नही इथेच येतो. भारतीय दर्शनांत यावर शतकानुशतकं कडाक्याचा वाद झाला. मीमांसक म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावायचं शास्त्र करणारे. त्यांचं मत स्वतःप्रामाण्याचं: ज्ञान झालं की ते प्रमाण धरावं, बाधक काही समोर आलं तरच सोडावं. नैयायिक म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या न्यायदर्शनाचे अनुयायी. त्यांचं परतःप्रामाण्याचं: ज्ञान खरं आहे हे दुसऱ्या कशावरून तरी सिद्ध व्हायला हवं. मी स्वतः दाव्याचं वजन बघून ठरवतो. ‘अमुक राजा होऊन गेला’ यासाठी मीमांसकांची उदारता पुरते. ‘अमुक राजाने सूर्य थांबवला’ यासाठी नैयायिकांचा कडकपणा हवा.

मजकूर: आज हातात आहे तो मुळातला आहे का?

हा भाग माझ्या सर्वांत आवडीचा, कारण इथे श्रद्धेला हात न लावता ठोस निकाल मिळतात. हस्तलिखित नकलताना चुका ठरावीक प्रकारच्या होतात. दोन ओळींचा शेवट सारख्या शब्दाने होत असेल तर नकलणाऱ्याची नजर पहिलीवरून थेट दुसरीवर उडते आणि मधला मजकूर गळतो. कोणी समासात लिहिलेली टीप पुढचा लेखक मूळ मजकूर समजून आत घेतो. अवघड शब्दाच्या जागी सोपा येतो, कथेतली पोकळी कोणीतरी भरून काढतो. म्हणूनच पाठचिकित्सक, म्हणजे वेगवेगळ्या प्रती ताडून मूळ मजकूर शोधणारे अभ्यासक, दोन पाठांमध्ये बहुधा अवघड पाठ जुना धरतात. सोप्याचा अवघड सहसा कोणी करत नाही.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ मुळात शुद्धच आहे, पण पाठभेदांनी अशुद्ध झाला, असं त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं. आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घुसवली तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असं समजावं, असंही बजावलं. ज्यांना पाठचिकित्सा हा श्रद्धेवरचा हल्ला वाटतो त्यांना मी ही नोंद दाखवतो. ज्याचं ग्रंथावर प्रेम आहे तोच त्यात काय भेसळ झाली ते शोधतो.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने हेच काम महाभारतावर केलं. १९१९ साली सुरू झालेली चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली, त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं विचारात घेतली गेली. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो ही सगळ्यांच्या तोंडी असलेली कथा या आवृत्तीत मूळ संहितेतून परिशिष्टात गेली, कारण हस्तलिखितांचा आधार पुरला नाही. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते, तो भागही संहितेबाहेर टीपेत गेला. वस्त्रं पुरत राहतात एवढंच उरलं. ख्रिस्ती परंपरेत असंच उदाहरण मार्ककृत शुभवर्तमानाचं. सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या प्रतींमध्ये ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशी संपतं. नंतरची बारा वचनं त्यांत नाहीत.

निकाल नेहमी परंपरेच्या विरुद्धच जातो असं मात्र नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या कुराणाच्या पानांची २०१५ साली जाहीर झालेली कार्बन चाचणी घ्या. ते चर्मपत्र ९५.४ टक्के संभाव्यतेने इ. स. ५६८ ते ६४५ या काळातलं निघालं. वय चर्मपत्राचं आहे, शाईचं नव्हे, हे लक्षात ठेवायचं. तरीही मजकूर फार लवकर लेखी आला या परंपरेच्या म्हणण्याला त्याने बळ मिळालं.

इथे एक सापळा आहे. मजकूर नीट जपला गेला याचा अर्थ तो खरा आहे असा होत नाही. आणि एक अध्याय प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसवलेला, निघाला म्हणून बाकीचा ग्रंथ खोटा ठरत नाही. ही ओळ वहीत स्वतंत्र ठेवा.

अर्थ: वाक्य काय म्हणतंय ते आधी बांधून घ्या

मीमांसकांनी तात्पर्य ठरवायची सहा लिंगं, म्हणजे खुणा, सांगितली आहेत: उपक्रम आणि उपसंहार (सुरुवात आणि शेवट) जुळतात का, कशाची पुनरुक्ती होते, नवं काय सांगितलं आहे, फळ काय सांगितलं आहे, स्तुती किंवा निंदा कशाची आहे, आणि युक्तिवाद कशाच्या बाजूने दिला आहे. कोणत्याही धर्माचा कोणताही उतारा घेऊन बसताना ही यादी शेजारी ठेवा. तोडून दाखवलेलं एकच वचन घेऊन जो गोंधळ घातला जातो, त्यातला बराचसा इथेच मिटतो.

त्यांचा अर्थवादाचा विचारही फार कामाचा आहे. ‘वायू ही सर्वांत वेगवान देवता’ हे वेदवाक्य ते वाऱ्याच्या वेगाची माहिती म्हणून वाचत नाहीत. एका विधीकडे माणसाला वळवण्यासाठी केलेली ती स्तुती आहे असं म्हणतात. स्तुतीला मोजपट्टी लावणारा टीकाकार आणि स्तुतीला विज्ञान म्हणणारा भक्त, दोघांची चूक एकच.

शंकराचार्यांनी गीताभाष्यात म्हटलं आहे की अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी (वेदवचनांनी) सांगितलं तरी ते प्रमाण ठरत नाही. पुढे ते असंही म्हणतात की श्रुती तसं म्हणत असेल तर तिचा अभिप्राय वेगळा आहे असं समजावं. पहिला भाग मला पूर्ण पटतो. दुसऱ्यापाशी मी सावध होतो, कारण प्रत्येक अडचणीला अर्थ बदलायची मुभा घेतली तर कोणताच ग्रंथ कधीच चुकू शकत नाही, आणि जो चुकूच शकत नाही तो काही सांगतही नाही. म्हणून अर्थ आधी ठरवायचा, लिहायचा, आणि कसोटी लागल्यावर तो बदलायचा नाही.

इतिहास

इथे ग्रंथाबाहेरचा साक्षीदार शोधायचा: शिलालेख, नाणी, उत्खनन, शेजारच्यांची कागदपत्रं. लुंबिनीत १८९६ साली सापडलेल्या अशोकाच्या स्तंभलेखावरून कळतं की इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात बुद्धाचं जन्मस्थान तेच मानलं जात होतं. इस्रायलमधल्या टेल दान इथे १९९३ साली मिळालेल्या लेखात ‘दावीदाचं घराणं’ असा, म्हणजे बायबलमधल्या दावीद राजाच्या वंशाचा, उल्लेख आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ख्रिस्तपूर्व नवव्या शतकात शेजारच्या शत्रूलाही ते घराणं ठाऊक होतं. याउलट बायबलमध्ये यहोशवाच्या स्वारीत यरीहो शहराचा तट कोसळतो. पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ या काळात तिथे उत्खनन केलं, तेव्हा यहोशवाच्या स्वारीचा जो काळ सर्वसाधारणपणे धरला जातो त्या काळातली तटबंदी मिळाली नाही.

पुरावा न मिळणं हे कधी महत्त्वाचं? जिथे पुरावा उरायलाच हवा होता तिथे. शहराचा तट कोसळला तर मातीत खूण राहते. चार शिष्य घेऊन गावोगाव फिरणाऱ्या उपदेशकाची खूण मातीत राहीलच असं नाही. तिथे पुराव्याच्या अभावाला मी फार किंमत देत नाही. आणि माणूस होऊन गेला हे सिद्ध झालं तरी त्याच्या जन्माच्या वेळचे चमत्कार सिद्ध होत नाहीत. ती पुन्हा वेगळी ओळ.

भविष्य, आणि ग्रंथात सापडणारं विज्ञान

भविष्याबाबत पहिला प्रश्न तारखेचा. बायबलमधल्या दानिएलाच्या ग्रंथाचा अकरावा अध्याय ग्रीक राजांच्या लढाया बारकाईने सांगत चौथ्या अँटिओकस या राजापर्यंत येतो. मग त्याच्या मृत्यूचं भाकीत मात्र चुकतं. तो समुद्र आणि पवित्र डोंगर यांच्या दरम्यान न मरता ख्रिस्तपूर्व १६४ मध्ये पर्शियाच्या बाजूला मेला. जिथे अचूकता संपते तिथे लेखकाचा काळ असावा, म्हणून बहुतेक अभ्यासक ग्रंथाचं आजचं रूप त्या मृत्यूच्या थोडं आधीचं मानतात. आज मिळणाऱ्या भविष्यपुराणात इंग्रजी राजवटीपर्यंतचे उल्लेख आहेत, त्यांनाही हाच नियम लावायचा.

विज्ञानाचं एक उदाहरण जरा सावकाश बघू, कारण ते फार आदराने सांगितलं जातं आणि त्याला आकडेमोडीचं उत्तर मिळायला हवं. चौदाव्या शतकातल्या सायणाचार्यांनी ऋग्वेदातल्या सूर्यसूक्तावर भाष्य करताना एक परंपरागत वचन दिलं आहे: अर्ध्या निमिषात २,२०२ योजनं चालणाऱ्या सूर्या, तुला नमस्कार. (निमिष हे काळाचं जुनं माप, योजन हे अंतराचं.) यातून प्रकाशाचा वेग निघतो असं म्हणतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर आहे.

आता योजन म्हणजे किती? सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात पृथ्वीचा व्यास १,६०० योजनं आहे, म्हणजे योजन सुमारे ८ किलोमीटर. आर्यभटाने तोच व्यास १,०५० योजनं धरला, म्हणजे सुमारे १२. प्रकाशाच्या वेगाचा हिशेब मांडणारे ९ मैल, म्हणजे सुमारे १४.५ किलोमीटर घेतात. निमिष म्हणजे किती? विष्णुपुराणात १५ निमिषांची एक काष्ठा (काळाचं त्याहून मोठं माप), त्यावरून निमिष सुमारे ०.२१३ सेकंद. मनुस्मृतीत १८ निमिषांची काष्ठा, त्यावरून ०.१७८ सेकंद. तीन योजनं आणि दोन निमिषं यांच्या सहा जोड्या करा. सेकंदाला किलोमीटरमध्ये उत्तरं येतात ती ढोबळमानाने अशी: १,६५,०००, १,९८,०००, २,४८,०००, २,९७,०००, २,९९,०००, ३,५९,०००.

दोन उत्तरं प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ आहेत. हे मी लपवणार नाही, कारण लपवलं तर ही तपासणी उरणार नाही. पण सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या उत्तरात दुपटीहून जास्त अंतर आहे, आणि कोणती जोडी घ्यायची हे उत्तर माहीत झाल्यानंतर ठरवलेलं आहे. शिवाय वचनात चालणारा सूर्य आहे, प्रकाश नाही. माझ्या लेखी निर्णायक प्रश्न हा: शोध लागण्याआधी कोणी हा अर्थ काढला होता का? प्रकाशाला वेग आहे हे ओले रोमर यांनी १६७६ साली दाखवलं. त्याआधी या वचनातून कोणी ते काढलेलं मला आढळलं नाही. इतर धर्मांच्या ग्रंथांतून गर्भशास्त्र किंवा विश्वाचं प्रसरण काढून दाखवलं जातं, तिथेही हेच तीन प्रश्न विचारा: मोजमाप सैल आहे का, शब्द त्याच गोष्टीबद्दल आहे का, आणि शोधाच्या आधी हा अर्थ कोणाला दिसला होता का.

चमत्कार, प्रार्थना, अनुभव

वस्तू समोर असेल तर प्रश्न सोपा. येशूचं कफन म्हणून पूजल्या जाणाऱ्या तुरिनच्या कापडाची १९८८ साली तीन प्रयोगशाळांनी कार्बन चाचणी केली, काळ आला इ. स. १२६० ते १३९०. वस्तू नसेल तर साक्ष तोलायची: साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, घटना आणि लेखन यांत किती वर्षं गेली, कथा प्रत्येक पिढीत वाढत गेली का. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ साली मांडलेला प्रश्न अजून लागू पडतो: चमत्कार घडला असण्याची शक्यता जास्त, की साक्ष देणारा चुकला किंवा फसला असण्याची?

प्रार्थनेवर प्रयोगही झाले. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, पण ज्यांना तशी खात्री दिली नव्हती, त्यांच्यात ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली. प्रार्थना न केलेल्यांत ५१ टक्क्यांना. आणि आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ठाऊक असलेल्यांत ५९ टक्क्यांना. यातून ‘अशा पद्धतीच्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी होते’ हा दावा पडला. ‘ईश्वर नाही’ हे सिद्ध झालं नाही, आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून केलेल्या प्रार्थनेने त्याला धीर येतो का याचंही उत्तर त्यात नव्हतं, कारण प्रयोग त्यासाठी नव्हताच.

कोणी स्वतःचा अनुभव सांगतो तेव्हा मी दोन ओळी करतो. अनुभव आला, ही पहिली. तिच्यावर शंका घेणं मला उद्धटपणाचं वाटतं. तो अमुक देवतेमुळे आला, ही दुसरी, ती तपासायची. वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांना तितकेच उत्कट अनुभव आपापल्या देवतेचे येतात, हे या दुसऱ्या ओळीसमोर ठेवावंच लागतं.

नीती

‘हे करा, ते करू नका’ याला खरं-खोटं कसं म्हणायचं? प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस विचारतो: देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? दुसरं उत्तर मान्य केलं की नीती ग्रंथाशिवायही तोलता येते. पहिलं मान्य केलं तर कोणतीही आज्ञा चालवून घ्यावी लागते.

व्यवहारात मी असं करतो: आज्ञेच्या पोटात वस्तुस्थितीचा दावा लपलेला असतो, तो बाहेर काढतो. अमुक कुळात जन्मलेल्यांनी विद्या शिकू नये, या आज्ञेच्या मुळाशी ‘जन्मावरून लायकी ठरते’ हा दावा असतो, आणि तो सपशेल खोटा आहे. मग दुसरा प्रश्न: नियम ज्याच्या पाठीवर पडतो त्याच्या जागी मी असतो तर मला तो मान्य झाला असता का? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं. ग्रंथाचं प्राचीनत्व किंवा पाठ यांचा तिथे प्रश्नच नव्हता. ग्रंथ कोणावर काय लादतो, यावरून तो निवाडा होता. मी त्याला वस्तुनिष्ठ निवाडाच म्हणतो, कारण तो ज्या कसोटीवर केला ती कसोटी कोणालाही, कोणत्याही ग्रंथाला लावता येते.

जे उरतं

ईश्वर आहे का, आत्मा उरतो का, पुनर्जन्म की न्यायदिन: इथे निर्णायक प्रयोग हाती नाही. तरी युक्तिवाद तपासता येतो. न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांनी मांडलं की घट जसा कुंभाराशिवाय होत नाही तसं जग कर्त्याशिवाय होत नाही. विरोधकांचं उत्तर असं की कुंभार आपण पाहिला आहे, त्याला शरीर आहे. शरीर नसलेल्या कर्त्यापर्यंत हा दृष्टान्त पोचत नाही. वेद प्रमाण मानणारे मीमांसकही जगाचा कर्ता ईश्वर मानत नव्हते, हे आज अनेकांना नवल वाटतं. निष्कर्ष हाती न लागता युक्तिवादात कुठे झेप घेतली आहे हे दाखवता येतं, आणि त्या झेपेला नाव देणं हाही निकालच आहे. अशा दाव्यापुढे मी ‘अनिर्णित’ लिहितो. ते ‘खोटं’ या अर्थी नसतं आणि ‘खरं’ या अर्थीही नसतं. दोन्ही बाजूंनी त्याचा वापर करू देत नाही.

नोंद कशी करायची

एका दाव्याला एक पान. माझ्या वहीतलं सायणभाष्याचं पान असं आहे:

दावा: या वचनात प्रकाशाचा वेग दिला आहे.
प्रकार: अर्थ आणि वस्तुस्थिती.
आधी ठरवलेली कसोटी: त्या काळातल्या मापांनी एकच उत्तर यावं, शोधापूर्वी असा अर्थ कोणीतरी काढलेला असावा.
आढळलं: सहा जोड्या, सहा उत्तरं, दोन जवळची. जुना आधार आढळला नाही.
निकाल: टिकत नाही. खात्री बरीच, पूर्ण नाही.
पुन्हा कधी उघडायचं: १६७६ पूर्वीची, हा वेग प्रकाशाचा आहे असं म्हणणारं भाष्य मिळालं तर.

खाली माझी सही आहे आणि ज्या मित्राने हे वचन मला पहिल्यांदा म्हणून दाखवलं त्याची. ‘बरीच’ या शब्दावर त्याची हरकत आहे. ती त्याने समासात लिहिली आहे आणि मी ती खोडलेली नाही.